पेशंटला लवकर सुट्टी देणारं सेंटर काढताना

कराडला फिजिओथेरपीचं छोटं सेंटर सुरू करून आता अडीच वर्षं होत आली. तेव्हापासून स्वतःचं क्लिनिक काढू पाहणाऱ्या ज्युनिअर मुलामुलींचे फोन अधूनमधून येत असतात. कागदपत्रं कोणती लागतात, कर्ज कसं झालं, मशिनं कुठली घेतलीत, आणि सगळं विचारून झाल्यावर जरा चाचरत, "ताई, परवडतं का हो?" दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून काढावं म्हटलं. लांबण लागणार आहे, पण फोनवर याहून जास्त लागते.

पुण्यात एका हॉस्पिटलच्या न्यूरो विभागात मी काही वर्षं काम केलं. लकव्याचे पेशंट जास्त, आणि त्यांत पाटण, शिराळा, वाळवा या आमच्या भागातले बरेच. डिस्चार्ज झाला की ते गावी जायचे आणि व्यायाम बंद पडायचा. लकव्यानंतर येणारी सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, आणि नेमका तोच काळ घरच्या कॉटवर निघून जायचा. फॉलोअपला आणलं की खांदा लोंबलेला, पाऊल आत वळलेलं, आणि सोबत आलेली सून किंवा बायको सांगायची, "आम्ही रोज तेल लावून चोळतोय की." तिचं काही चुकलेलं नसायचं. तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

त्याच काळात संध्याकाळी मी एका खासगी क्लिनिकमध्येही जायचे. तिथे पंधरा सिटिंगचं पॅकेज असायचं. कंबर दुखतेय? झोपा. शेक, वर पंधरा मिनिटं मशीन, उद्या या. माणसाला बरं वाटायचं, तोही खूश, मालकही खूश. पण पंधराव्या सिटिंगनंतर तो घरी जाऊन तसाच वाकून गोणी उचलायचा आणि दोन महिन्यांनी परत नवीन पॅकेज. आम्हाला प्रत्येक सिटिंगमागे पैसे मिळत, त्यामुळे पेशंट लवकर बरा झाला तर आपलंच नुकसान, असं ते गणित होतं. कुणी ते उघड बोलत नसे, इतकंच.

नोव्हेंबर 2022 मध्ये नोकरी सोडून माहेरच्या गावी, म्हणजे कराडला, स्वतःचं काहीतरी काढायचं ठरलं. नवरा शिक्षक आहे. तो म्हणाला, "काय करायचंय ते आधी एका वाक्यात लिही, मग जागा शोधायला जाऊ." दोन-तीन दिवस घोळवून मी लिहिलं: इथे आलेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर इथे यायची गरज पडू नये. त्याने वाचलं आणि म्हणाला, "धंदा म्हणून हे वाक्य भयंकर आहे." आहेच. पण पुढे जागेपासून पगारापर्यंत जिथे जिथे अडले, तिथे या वाक्यानेच निर्णय दिला. काही वेळा महागात.

(पुण्यात दोन दिवसांची नेतृत्वाची कार्यशाळाही केली होती, सहा हजार भरून. मिशन, व्हिजन, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवणं. जेवण चांगलं होतं. तिथली एकच गोष्ट कामी आली, ती पुढे सांगते.)

जागेचा शोध जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. मनात भरलेल्या जागा सगळ्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लकव्याचा माणूस जिना चढून येणार कसा? शेवटी मलकापूरच्या बाजूला तळमजल्यावर गाळा मिळाला, भाडं चौदा हजार. पण तिथेही रस्त्यापासून दीड फूट चढ, तीन पायऱ्या. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण एकास बारा असावं लागतं, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांब रॅम्प. गाळ्याची रुंदीच चौदा फूट. मालक म्हणाले, "मॅडम, एक फळी टाका, झालं." फळीवरून व्हीलचेअर वर ढकलायला दोन माणसं लागतात आणि उतरताना तर तीन. मग गवंड्याला घेऊन खडूने जमिनीवर आखून दाखवलं. रॅम्प काटकोनात वळवला, वळणावर व्हीलचेअर फिरेल इतका सपाट चौक ठेवला, आणि सगळं मालकांच्याच हद्दीत बसवलं, रस्त्यावर इंचभरही नाही. त्यांची दोन मोटारसायकलींची जागा गेली, त्यावर आठवडाभर रुसवा. बावीस हजार खर्च आला, तो शेवटी निम्मा-निम्मा. ही बोलणी करार व्हायच्या आधी करून टाका. सही झाल्यावर मालकाला रॅम्पमध्ये रस राहत नाही.

करार लिव्ह अँड लायसन्सचा केला, पाच वर्षांचा, आणि तो नोंदवला. महाराष्ट्रात ही नोंदणी सक्तीची आहे, आणि पुढे बँक, वीज, परवाने सगळीकडे नोंदवलेलाच करार मागतात. नोटरी केलेला चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. घरगुती वीजमीटर असेल तर तो व्यावसायिक करून देण्याची मालकाची जबाबदारी करारातच लिहून घ्या.

आता कागदांचं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण फोन यासाठीच येतात. सगळ्यात आधी आपल्या राज्य परिषदेची, म्हणजे व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी चालू आहे का ते बघा. कॉलेज संपल्यावर केलेली नोंदणी मुदत संपून पडलेली असते आणि लक्षातही येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन, आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. गुगलवर शोधलं की दीड-दोन हजार मागणाऱ्या, सरकारी वाटतील अशा साइट वर येतात, त्यांच्या नादी लागू नका. दुकाने व आस्थापना कायद्याखाली, ज्याला आपण अजून गुमास्ता म्हणतो, मी 2023 मध्ये सुरू केलं तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवान्याऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. त्याची पावती जपून ठेवा, बँकेला लागते. पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. 2022 च्या दुरुस्तीनंतर हे लहान दुकानांनाही लागू आहे. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार. खाटा ठेवून पेशंट दाखल करून घेणार नसाल तर नर्सिंग होमच्या नोंदणीत पडावं लागत नाही. तरी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक मी दारातच लावलं.

अडकले ते जैववैद्यकीय कचऱ्यापाशी. "फिजिओला कशाला लागतंय?" असं मला तीन अनुभवी मंडळींनी सांगितलं. पण मी ड्राय नीडलिंग करते, दुखऱ्या स्नायूत बारीक सुई घालून उपचार, म्हणजे सुया आल्या, आणि सुया आल्या की 2016 चे नियम आले. आधी कचरा उचलणाऱ्या अधिकृत सामायिक केंद्राशी करार करायचा, मग त्या कराराची प्रत जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ऑनलाइन अर्ज. खाटा नसलेल्यांना हे प्राधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं, दरवर्षी नूतनीकरण नाही. मात्र 30 जूनच्या आत वार्षिक अहवाल भरावा लागतो, कचरा मूठभर असला तरी. माझा अर्ज एकदा परत आला, कारण करारावरचा पत्ता आणि वीजबिलावरचा पत्ता जुळत नव्हता: एकीकडे गाळा नंबर, दुसरीकडे गट नंबर. सगळ्या कागदांवर पत्ता अक्षरशः सारखा ठेवा. एवढी एक गोष्ट सांभाळली तर महिना वाचतो.

बँकेत अर्ज फेब्रुवारीत दिला. मुद्रा योजनेतलं किशोर गटाचं कर्ज, चार लाख. त्या गटाची मर्यादा पाच लाखांची आहे. फेब्रुवारीत अर्ज म्हणजे मार्च एंडच्या तोंडावर, त्यामुळे पूर्ण मार्चभर "पुढच्या आठवड्यात या." जमलं तर अर्ज डिसेंबरात किंवा सरळ एप्रिलच्या मध्यावर द्या. साहेबांनी घराची कागदपत्रं तारण मागितली. दहा लाखांपर्यंतच्या लहान उद्योगाच्या कर्जाला तारण मागू नये असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. वाद घातला नाही, फक्त म्हटलं, "तारण पाहिजे असं पत्रावर लिहून द्याल का? घरच्यांना दाखवायला बरं." पुन्हा विषय निघाला नाही.

खरी गंमत प्रोजेक्ट रिपोर्टची. सीएंनी नेहमीच्या पद्धतीने एका पेशंटमागे वीस सिटिंग धरल्या होत्या. मी त्या सरासरी आठवर आणल्या. बँकेतले साहेब चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, लोकं आकडे फुगवून आणतात, तुम्ही उतरवून आणलेत. रिपीट कस्टमर नसेल तर हप्ता कशातून फेडणार?" मी सांगितलं, बरा झालेला माणूस त्याच्या भावकीतले चार पाठवेल. त्यांना ते पटलं नाही, पण महिन्याचा खर्च मांडून दाखवला तो पटला. भाडं 14,000, ज्युनिअर फिजिओ 18,000, अर्धा दिवस रिसेप्शन 9,000, हप्ता साधारण 8,700, वीज 3,500, कचरा-साफसफाई-किरकोळ 4,000. सत्तावन्न हजारांच्या घरात. तीनशे रुपये सिटिंग धरली तर महिन्याला एकशे नव्वद सिटिंग, म्हणजे दिवसाला आठ. यात माझा पगार शून्य आहे, हे कागदावर लाल पेनाने लिहिलं होतं. एप्रिलच्या शेवटी कर्ज मंजूर झालं. पैसे थेट मशीनवाल्याच्या खात्यात जातात, आपल्या हातात येत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं.

मशीनवाल्याचं पहिलं कोटेशन साडेसहा लाखांचं होतं. लेझर, मणक्याचं डिकंप्रेशन, चकचकीत पॅनेल. "पेशंट मशीन बघून येतो मॅडम," हे त्याचं पालुपद. खोटं नाही ते, येतोच. पण मशीनवर झोपवलेला माणूस घरी जाऊन मशीन लावू शकत नाही. त्यामुळे मशिनं दोनच घेतली, आयएफटी (सौम्य विजेच्या प्रवाहाने दुखणं कमी करणारं) आणि अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींनी उपचार करणारं, सोनोग्राफीचं नव्हे). दोन कॉट, पॅरलल बार म्हणजे धरून चालायचे दोन समांतर दांडे, भिंतभर आरसा, वजनं, थेराबँड म्हणजे व्यायामाचे रबरी पट्टे. सहा बाय सहाचा बसका लाकडी चौथरा स्थानिक सुताराकडून करून घेतला, लकव्याच्या पेशंटला कुशीवर वळायला, उठून बसायला शिकवायला. आणि एक एसटीची पायरी. कराड आगारात जाऊन उभ्या गाडीची खालची पायरी जमिनीपासून टेपने मोजली, पंधरा-सोळा इंच भरली. एक कंडक्टर विचारत होते, "काय मॅडम, गाडी बांधताय का?" सुताराने तेवढ्याच उंचीची पायरी आणि बाजूला गाडीला असतो तसा दांडा करून दिला, अडीच हजारांत. आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू तीच आहे. कॉलेजात शिकवतात त्या जिन्याच्या पायऱ्या असतात सहा-सात इंचांच्या. त्या चढता आल्या म्हणजे पाटणला जाता येतं असं नाही.

15 जून 2023 ला सेंटर उघडलं. पहिल्या दिवसापासून एक पद्धत ठेवली: फाइलच्या पहिल्या ओळीवर निदानाआधी पेशंटला काय करता यायला हवं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. "गोठ्यातलं शेण काढता आलं पाहिजे." "पंगतीत मांडी घालून बसायचंय." "रात्री उठून एकटीला बाथरूमला जाता यावं, सुनेला उठवायला नको." "ज्योतिबाला चैत्रात जायचंय." मग त्याला जुळणारं माप. साधी चाचणी आहे: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालून वळायचं, परत येऊन बसायचं, घड्याळ लावून. बारा सेकंदांच्या वर वेळ लागला तर पडण्याचा धोका धरायचा. दर सहाव्या सिटिंगला परत मोजायचं आणि आकडा पेशंटला दाखवायचा. पहिली तपासणी तासभर, पाचशे रुपये. त्यात घरातल्या एकाने हजर असणं आवश्यक, कारण तीस टक्के काम त्यालाच शिकवायचं असतं. हा तीस टक्के माझा अंदाज आहे, कुठला अभ्यास नव्हे.

माणसं मिळवणं कागदांपेक्षा अवघड गेलं. मुलाखतीला आलेला प्रत्येक ज्युनिअर विचारायचा, "सिटिंगमागे इन्सेंटिव्ह किती?" मी सांगायचे, नाही, पगार ठरलेला. सिटिंगवर पैसे दिले की मी पळून आले तेच गणित इथे उभं राहणार. पहिला मुलगा हुशार होता, पेशंटही त्याच्यावर खूश. दसऱ्यानंतर दुसरीकडे कमिशनवर गेला. सरळ सांगून गेला, "मॅडम, घरचं कर्ज आहे." त्याला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. नोव्हेंबरमध्ये आलेली मुलगी टिकली, तिच्याबद्दल पुढे.

पैशाचं प्रामाणिकपणे सांगते. जून ते दिवाळी दिवसाला चार-पाच पेशंट. दर महिन्याला बचतीतून वीस ते तीस हजार घालत होते, दिवाळीपर्यंत जवळजवळ सव्वा लाख गेले. ऊसतोड सुरू झाली की आमच्या भागात कंबरदुखी वाढते, पण दवाखान्यात यायला कुणाला सवड नसते. गर्दी होते ती गाळप संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये. हा हंगाम माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नव्हता, तुमच्या गावचा तुमच्या रिपोर्टमध्ये घाला. सहा महिन्यांचा पूर्ण खर्च हातात असल्याशिवाय सुरू करू नका. आठ पेशंटांचा आकडा जानेवारी 2024 मध्ये गाठला. मी स्वतः पहिला पगार घेतला तो मार्चमध्ये, बारा हजार. आज पुण्यात मिळत होता त्याहून कमीच घेते.

याच काळात एका दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर नव्हे, त्यांचा माणूस. "पेशंट पाठवू, पर्सेंटेजचं कसं करायचं?" आपल्याकडे कट प्रॅक्टिस सगळ्यांना माहीत असते. 2017 मध्ये राज्यात तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही झाला होता, तो मसुदाच राहिला. तीनशेच्या सिटिंगमधून तीस टक्के द्यायचे म्हटलं तर मला सिटिंग वाढवाव्या लागतील किंवा दर, तिसरा रस्ता नाही. नाही म्हटलं. तिकडून येणारे पेशंट बंद झाले. नोव्हेंबर महिना फार वाईट गेला, रात्री झोप लागायची नाही, एक-दोनदा मनात आलंही की द्यावे काय ते. मग एक वेगळी सुरुवात केली: कुठल्याही डॉक्टरांचा पेशंट असो, सुट्टी देताना त्यांना एक पानी पत्र. आला तेव्हा काय करता येत नव्हतं, आता काय येतं, मापं, किती सिटिंग झाल्या, पुढे कशावर लक्ष ठेवावं. कुणाकडून लगेच काही आलं नाही. फेब्रुवारीच्या सुमारास एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी स्वतः फोन केला, "तुमची पत्रं वाचतो मी, गुडघ्याचे पेशंट पाठवू का?" सगळ्या डॉक्टरांकडून असा फोन येईल अशी आशा ठेवू नका. दोघा-तिघांकडून आला तरी लहान सेंटर चालतं.

कार्यशाळेतली ती एक कामाची गोष्ट आता सांगते: सगळे निर्णय तुमच्याच टेबलावर येत असतील तर तुम्ही नेतृत्व करत नाही, अडवणूक करता. आमच्याकडे अडत होतं फी कमी करण्यावर. ज्याला परवडत नाही त्याने माझ्यासमोर येऊन सांगायचं, हे कुणालाच आवडत नाही. माणसं सांगत नाहीत, यायची थांबतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाबद्दल वाचलेलं डोक्यात होतं. 1976 मध्ये डॉ. वेंकटस्वामींनी अकरा खाटांवर सुरू केलेलं, ज्यांना परवडतं त्यांच्या पैशावर बाकीच्यांचे उपचार चालणारं. तेवढा पसारा माझा नाही. पण रिसेप्शनला बसणाऱ्या ताईंना मी महिन्याला आठ हजारांपर्यंतची सवलत मला न विचारता द्यायचा अधिकार दिला. निम्मी किंवा पूर्ण माफ, पुरावा मागायचा नाही, वहीत फक्त रक्कम लिहायची. त्या गावच्याच. कोण कुठल्या गाडीने येतं, कुणाच्या हातात डबा असतो, कुणाचं पोरगं मुंबईहून पैसे पाठवतं, त्यांना जास्त कळतं. मला वाटलं होतं आठ हजार पहिल्याच आठवड्यात संपतील. त्या माझ्याहून चिकट निघाल्या. बहुतेक महिन्यांत पाच-सहा हजारच जातात, आणि एका बागायतदाराला त्यांनी सवलत नाकारलेली मी पाहिली आहे, ती माझ्या हातून नाकारली गेली नसती.

शनिवारी दोन वाजता, शेवटचा पेशंट गेला की आम्ही सगळ्या बसतो. चहा, वडापाव, आणि दहापेक्षा जास्त सिटिंग झालेल्यांच्या फाइली. प्रश्न एकच: हा माणूस अजून का येतोय? कधी उत्तर खरंच असतं, लकव्याला महिने लागतात. कधी कळतं की आम्ही व्यायाम पुढे नेलाच नाही. कधी तो फक्त बोलायला येत असतो. एका आजोबांचं तसं होतं. त्यांना आम्ही सुट्टी दिली आणि रविवारच्या वर्गात बोलावलं. हा वर्ग घरच्यांसाठी असतो, मोफत: पेशंटला कॉटवरून खुर्चीत स्वतःची कंबर न मोडता कसं बसवायचं, लकव्याचा हात धरून कधीच का ओढायचा नाही. आजोबा तिथे पेशंट म्हणून झोपून दाखवतात. हौसेने.

2024 च्या पावसाळ्यात शेजारच्या जिमवाल्यांनी 'वेलनेस पॅकेज'चा प्रस्ताव आणला. वजन, पोश्चर, डाएट, तीन महिन्यांचे नऊ हजार, निम्मे निम्मे. पैसे आवश्यक होते, त्यामुळे लगेच नाही म्हटलं नाही, सीएंना विचारलं. त्यांनी सांगितलेलं तुमच्याही कामाला येईल. आजारावरचा उपचार म्हणून दिलेली फिजिओथेरपी जीएसटीतून मुक्त आहे. फिटनेस, योगवर्ग, वजन कमी करणं ही करपात्र सेवा आहे, तेव्हा 18 टक्के होते, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाले. फक्त करमुक्त सेवा देणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण एक करपात्र सेवा सुरू केली की वीस लाखांची मर्यादा दोन्ही उत्पन्नं धरून मोजतात. म्हणजे छोट्या पॅकेजपायी सगळा हिशेबच बदलू शकतो. आम्ही वीस लाखांच्या जवळपासही नव्हतो, तेव्हा अडचण कराची नव्हती. अडचण ही होती की तीन महिन्यांच्या पॅकेजमध्ये माणसाला एका महिन्यात "आता येऊ नका" असं म्हणता येत नाही. शनिवारच्या बैठकीत विषय मांडला. ज्युनिअरचं मत करावं असं होतं, ताईंचं नको. शेवटी नाही कळवलं. जिमवाल्यांशी संबंध चांगले आहेत, त्यांच्याकडचे दुखावलेले खांदे आमच्याकडेच येतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये आई पुण्यात भावाकडे असताना पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. मला मार्चच्या मध्यापर्यंत तिकडेच राहावं लागलं. जाण्याच्या आदल्या रात्री एक पान लिहिलं: मला न विचारता काय ठरवायचं, विचारून काय. न विचारता: नवीन पेशंट घेणं, व्यायाम बदलणं, सुट्टी देणं, पाच हजारांपर्यंतचा खर्च. विचारून: कुणाला नवीन कामावर घेणं, दर बदलणं. असं पान आधीच लिहून ठेवा, अशा रात्री ते नीट सुचत नाही. संध्याकाळच्या वेळेसाठी एक मैत्रीण अर्धवेळ येत होती. बाकी सगळं ज्युनिअरवर.

दुसऱ्या आठवड्यात एका ठेकेदारांचा चिडून फोन. गुडघा बदललेला, पूर्ण फी देणारे, वेळेवर येणारे. "तुमच्या त्या पोरीने मला उद्यापासून येऊ नका सांगितलं. पैसे मी देतोय ना?" फाइलचा फोटो मागवला. पहिल्या ओळीवर लिहिलं होतं, साइटवर जिना चढून स्लॅब बघता आला पाहिजे. चढत होते. चालण्याची चाचणी दहा सेकंदांत. गुडघा एकशे दहा अंशांपर्यंत वाकत होता. शेवटी तिच्या अक्षरात, "मशीनसाठी येत आहेत. घरचा व्यायाम लिहून दिला. महिन्याने तपासणी." त्या महिन्यात आमची ओढाताण होती आणि ते तिलाही माहीत होतं. मी ठेकेदारांना सांगितलं, तिने सांगितलंय तेच बरोबर, महिन्याने या. फोन आपटलाच त्यांनी.

परत आल्यावर मात्र मी तिच्याशी भांडले. स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या मानाने अजून कमी होती, मी आणखी दोन आठवडे ठेवलं असतं. तिचं म्हणणं, ताकद घरी वाढते, आणि पहिल्या ओळीतलं काम झालं की झालं. ठेकेदार महिन्याने तपासणीला आले, ताकद थोडी वाढलेली, पण दोघींपैकी कुणाचंच म्हणणं सिद्ध होईल इतकी नाही. मधल्या काळात गुडघ्याचे आणखी पेशंट आले आणि प्रत्येकाच्या फाइलवर तोच वाद झाला. आता पुढच्या शनिवारी बसून, गुडघ्याच्या पेशंटला नेमक्या कुठल्या मापावर सुट्टी द्यायची ते लिहूनच काढायचं ठरलंय. तिचं एक मत आहे, माझं दुसरं, आणि ताई म्हणतात, एसटीची पायरी दांडा न धरता चढला की घरी पाठवा.